रामरतीच्या गाईच्या पोटात

माझी पाठवणी होत होती आणि माझ्या मायनं भर वऱ्हाडात असा एक प्रश्न विचारला की मला कुठं तोंड लपवू असं झालं. छकडा दारात जुंपून उभा होता. काटोल स्टेशनवर गाडी गाठायची म्हणून पुरुषमंडळींची घाई चालली होती. माय माझी ओटी भरता भरता थांबली आणि जबलपूरहून आलेल्या बायकांना म्हणाली, "तुमच्या तिकडं उकिरडा कुठं आहे?"

सगळे हसले. कुणीतरी हिंदीत म्हणालं, "लो, समधन तो घूरा पूछ रही हैं!" घूरा म्हणजे उकिरडा, हे मला तिथंच कळलं. माय मात्र हसली नाही. ती उत्तराची वाट पाहत राहिली. ते न मिळताच छकडा हलला, आणि मी लाजेनं मागं वळूनही पाहिलं नाही.

शांते, सुमे, तुम्ही दोघी बहिणी तिथंच राहिलात, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे घर सोडून कुठं कुठं जाऊन राहिले, त्यांनी वाचलं तर तेही जरा थबकतील असं वाटतं.

आपल्या घरी "फेकणं" हा शब्दच नव्हता, आठवतं? राख भांड्यांना जायची. ताटातलं उरलेलं गाईच्या टोपलीत, शेण-पाचोळा उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात गाडीत भरून वावरात. लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. याला काही नाव असतं, याचा कुणी विचार करतं, हे आपल्याला माहीतच नव्हतं. मला वाटायचं जग असंच चालतं.

जबलपूरच्या रांझी भागात आम्ही भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं हातभर फरशी आणि भिंत. भिंतीपलीकडं गल्ली. हे तोफांच्या सरकारी कारखान्यात टर्नर होते. यांचा जन्मच जबलपूरचा, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचे आणि त्यांना ते कळायचंही नाही. पहिल्याच सकाळी मी फुलकोबी चिरली आणि पानं-दांडे हातात घेऊन त्या फरशीवर उभी राहिले. गाय नाही, माती नाही. हे सायकल काढता काढता म्हणाले, "अगं, काहून उभी आहेस अशी? फेक दे ना घूऱ्यावर."

घूरा आहे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मी मागचं दार उघडून गल्लीत गेले, आणि तिथंच थिजले.

सिमेंटचा एक गोल हौद होता, केव्हाच भरून वाहत असलेला. भोवती ढीग. त्यात अख्ख्या पोळ्या होत्या. भात होता. दाढीची पाती, चिमणीची फुटकी काच, केसांचे गुंतवळ, तारेचे तुकडे, बूट, आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी घरचं कालचं वरण ओतलेलं. अन्नावर पाती, पात्यांवर अन्न. मी ती कोबीची पानं तशीच छातीशी धरून घरात परत आले आणि दाराला कडी लावली. जणू बाहेर कुणी मरून पडलं होतं.

"काय झालं?" शेजारच्या घोषदीदीनं भिंतीवरून विचारलं. ती बंगाली. तिचाही नवरा याच कारखान्यात. माझं हिंदी तेव्हा अगदी तोडकं. मी म्हटलं, "दीदी, वहाँ रोटी है।" ती म्हणाली, "हाँ, तो?"

त्या ढिगावर पाला-पोळी टाकवेना, म्हणून मला गाय सापडली. रामरती नावाची बाई गल्लीतल्या लेकुरवाळ्या घरांना दूध घालायची. नाल्यापलीकडं तिची झोपडी, आणि एकच गाय, पांढरी, एका शिंगाला वाकडी. दूध काढून झालं की ती गाईला मोकळी सोडायची, आणि गाय दिवसभर रांझीभर चरायची. मी रोज सालं, पानं, उरलेली पोळी माझ्या हातानं तिला चारू लागले. गाय दारात येऊन उभी राहायची. माझं सासर-माहेरचं सगळं बोलणं त्या वर्षी त्या गाईशीच झालं म्हणा ना. रामरती हसायची, "बाई, हमाई गैया तो तुमाई हो गई।"

मग पासष्टची लढाई आली. कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झालं. हे घरी येऊन जेवता जेवता झोपायचे. खिडक्यांना काळे कागद लागले, गल्लीच्या तोंडाशी मैदानात माणसं उतरतील असा लांब खंदक खणला गेला, आणि अफवांना तर ऊतच आला. अमुक विहिरीत विष टाकलं, तमुक फकीर हेर निघाला. कोण कशाला घाबरेल याचा नेम नव्हता. कचऱ्याची गाडी त्या दिवसांत येईनाशी झाली. गल्लीतला ढीग भिंतीच्या उंचीला लागला, आणि पावसात भिजून त्याला जो वास सुटला तो मी आजही विसरले नाही.

त्याच पंधरवड्यात गाय माझ्या दारात आली आणि मी पुढं केलेल्या पोळीला तिनं तोंड लावलं नाही. पुढचे पाय फाकवून, पाठ वाकवून ती नुसती उभी राहिली. श्वास सोडताना कण्हत होती, अगदी माणसासारखी. मी रामरतीला बोलावलं. तिनं काढा पाजला, तेल पाजलं. गळ्याखाली सूज उतरली. सरकारी दवाखान्यातला ढोरांचा डॉक्टर आला, त्यानं गाईच्या छातीवर मूठ दाबून पाहिली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय मैदानात, खंदकाच्या कडेला, मरून पडली होती.

मी धावत गेले. रामरती गाईच्या डोक्याशी बसली होती. मला पाहून उठली. तिनं माझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर ओरडली, "का खिलाओ तुमने हमाई गैया को? बोलो! तुमाए हाथ से ही खात ती!"

सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी म्हणालं, "ज़हर होगा." दुसरा म्हणाला, "बाहर से आई है ना ये?" तिसऱ्यानं ठाण्याचं नाव काढलं. लोकांच्या नजरा अशा बदलतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. कालपर्यंत ज्यांना मी भाभी होते, त्यांना मी आता बाहेरून आलेली होते. हे कारखान्यात. माझी बाजू घ्यायला एकटी घोषदीदी पुढं आली. "पहले डॉक्टर को देखने दो," ती म्हणाली. "फिर थाना."

डॉक्टर पुन्हा आला आणि म्हणाला, पोट उघडल्याशिवाय विषाचं सांगता येणार नाही. दोन माणसं बोलावली गेली. बायकांनी जावं असं त्यानं सांगितलं. कुणी गेलं नाही. मी तर जाऊच शकत नव्हते, रामरतीनं माझा दंड सोडलाच नव्हता.

डॉक्टरनं पोटातली एक पिशवी कापून बादलीतल्या पाण्यात उपडी केली. विष नव्हतं. लोखंड होतं.

तो एकेक वस्तू काढून गवतावर ठेवत गेला. खिळे. दाढीचं अर्धं पातं. केसांचे आकडे, बरेच. स्टोव्हची पिन. वाकलेली सेफ्टीपिन. काचेच्या बांगडीचे तुकडे, हिरवे आणि लाल. पोरांच्या शिट्टीचा पत्रा. आणि शेवटी पिशवीच्या भिंतीतून आरपार रुतलेली बोटभर लांबीची तार, एका टोकाला टोकदार, काळी पडलेली. "ये दिल में घुसा है," डॉक्टर म्हणाला. "रोटी के साथ निगल गई. गाय चबाके थोड़ी देखती है."

मग घोषदीदी हळूच म्हणाली, "वो पिन मेरे स्टोव की है." तिनं तोंडावर पदर घेतला. पलीकडच्या घरातली एक बाई आकड्यांकडं पाहत खाली बसली. एकीनं आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या पदराखाली लपवल्या. मीही गल्लीतल्याच ढिगावर घरातला केर टाकत आले होते. त्यातलं माझं काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. खिळा खिळ्यासारखाच असतो.

रामरतीनं माझा दंड सोडला. तिथं बोटांचे वळ उठले होते. ती नाल्याकडं चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं. गल्लीतली लहान पोरं रडायची आणि आया एकमेकींकडं बघायच्या नाहीत. मी घोषदीदीला घेऊन नाल्यापलीकडं गेले. मेलेल्या गाईची कालवड, दीडेक वर्षाची, तिथं खुंट्याला बांधलेली होती. मी पदरातून मुळ्याचा पाला पुढं केला. रामरतीनं तो माझ्या हातून घेतला. मग खाली बसून एकेक पान बोटांनी चाचपलं, मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि मगच कालवडीला दिलं. सगळा पाला संपेपर्यंत आम्ही उभ्या होतो. शेवटी ती म्हणाली, "अब ऐसई देने, बाई. हाथ फेर के."

मग आम्ही तसंच केलं. सभा नाही, भाषण नाही. घोषदीदीनं डालड्याचा एक रिकामा डबा भिंतीच्या खिळ्याला टांगला. टोचणारं, कापणारं जे काही असेल ते त्यात. दुसऱ्या आठवड्यात गल्लीत आणखी डबे दिसले. भरले की भंगारवाला न्यायचा. साल-पाला हात फिरवून कालवडीला. पोळ्या टाकायच्या नाहीत, मुळात जास्त करायच्याच नाहीत. ते सगळ्यात अवघड गेलं, कारण पोळ्या उरणं हे तिथं बरकतीचं लक्षण मानायचे.

राख, पाचोळा, कुजणारं बाकी सगळं कुठं घालायचं हा प्रश्न राहिला. लढाई थांबली होती. खंदकात पावसाचं पाणी आणि डास. मी म्हटलं, यात थर देऊ. एक थर पाला, एक थर राख, वर माती, आमच्याकडं देतात तसे. यांना कळल्यावर हे घाबरून गेले. "अगं, सायरन का गड्ढा है तो! परत लढाई झाली तर कुठं बसशील?"

"भोपळ्याच्या वेलाखाली," मी म्हटलं.

आणि खरंच पुढच्या पावसाळ्यात तिथं भोपळे लागले. मी खोटं सांगणार नाही, सगळी गल्ली काही सुधारली नाही. दोन घरांनी महिन्याभरात डबे काढून टाकले. एक बाई तर म्हणाली, गाय मेली ती तिच्या आयुष्यानं. पण कालवड जगली, व्याली, आणि रामरती पुन्हा चरवी घेऊन आमच्या दारात आली. माझ्याशी मात्र ती पूर्वीसारखी हसून कधी बोलली नाही. तिचा तो ओरडा आणि माझा दंड, दोघींच्याही लक्षात राहिलं असावं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हाची गोष्ट तुम्हा दोघींना माहीत नाही. तुम्ही त्या दिवशी वावरात होतात. मायनं सकाळी घर झाडलं आणि सुपलीत केर घेऊन परसात निघाली. मी मागोमाग चालले होते. सुपलीत तुमच्यापैकी कुणाच्या तरी फुटलेल्या बांगड्या होत्या आणि एक मोडका दाभण. माय ते सगळं उकिरड्यावर टाकणार, तोच मी तिचा हात धरला. इतका जोरानं की सुपली हलली.

"माय, थांब! आमच्याकडं असं टाकत नाहीत."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मीही. ते शब्द माझ्या तोंडून आले होते, आणि ते ऐकून आम्ही दोघीही सारख्याच दचकलो होतो. ज्या घरात काहीच वाया जात नाही असं मी जबलपूरला रोज सांगायचे, त्या घरात वर्षानुवर्षं काच शेणात मिसळून वावरात जात होती, आणि अनवाणी बायका त्यातून निंदायला जात होत्या. हे दिसायला मला तिथून जावं लागलं होतं.

"तुमच्याकडं?" माय हळूच म्हणाली.

गोठ्यात गाय शेपटी हलवत होती. मग मायनं सुपली माझ्यापुढं धरली. "बरं. तुमच्याकडं कसं करून राहिल्या बाया, ते दाखव."

मी खाली बसून काचा वेचल्या. माय माझ्या शेजारी बसली आणि माझं पाहून वेचू लागली. डबा तिनंच आणून दिला. दुपारी जेवायची वेळ झाली. मी नेहमीसारखी चुलीपाशी, तिच्या मांडीला मांडी लावून बसायला गेले, तर तिनं माजघरात पाट मांडून ठेवला होता, पाण्याचा तांब्या भरून, पाहुण्यांना मांडतात तसा. "बस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी पाटावर बसले आणि जेवले.

माय गेली, वावर वाटून गेलं, हेही गेले. नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात आणि माझी बोलणी मराठीत खातात. रांझीत आता प्लास्टिकच्या पिशव्या उडतात, आणि मी अजूनही भाजीचा पाला हात फिरवल्याशिवाय कुठल्याही गाईपुढं ठेवत नाही. सून म्हणते, "आई, अब छोड़ो ना." सोडवत नाही.

बाजारात नवी ओळख झाली की बायका विचारतात, मूळचं घर कुठलं? काटोलकडचं, असं सांगायला मी तोंड उघडते, आणि तोंडातून येतं, रांझी. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी मी दचकते.