होळीला दिलेली फायबरची होडी
सून बांधावर गुडघे टेकून बसली होती आणि तिचा श्वास आत जात नव्हता. लाकडाची जुनी होडी आम्ही होळीला द्यायचो, म्हणून त्या वर्षी दिराने फायबरचीही पेटवली होती. काळा धूर मिठागरावर पसरला, घशात काच गेल्यासारखं वाटलं. “भावजी, विझवा, पोटुशी हाय ती.” त्याने घमेल्याने खाडीचा चिखल टाकला. सुनेला पेणच्या दवाखान्यात नेलं. पुढे त्याने उरलेली अर्धी होडी कापायला घेतली. “आता चुलीत घालणार व्हय?” मी विचारलं. “नाय गो वहिनी,” म्हणत तो धूळ उडू नये म्हणून पाणी मारत राहिला. धाटावच्या केमिकल कंपन्यांचा घातक कचरा नेणाऱ्या गाडीतून ते तुकडे गेले. आज कुठेतरी प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि नातीने खिडकी लावली. त्या होळीला ती पोटात होती. मायलेकी दोघीही जगल्या.