साहेबाच्या बोलीची वही

माझ्या बाबांना एका गोऱ्या माणसाची बोली कळत होती, आणि तिनेच आमचं वाटोळं केलं. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

परळच्या एका गिरणीत बाबा विणकाम खात्याच्या ऑफिसात कारकून होते. खात्याचा मास्तर आयर्लंडचा. बाकीचे गोरे केव्हाच बोटी धरून गेले होते, हा एकटाच मागे राहिला होता. त्याचं इंग्रजी खुद्द मॅनेजरला धड कळत नसे, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! पण बाबांना कळायचं. म्हणजे कळतं असं तिथे दाखवायचे, आणि घरी येऊन आम्हाला कामाला जुंपायचे.

साहेब दिवसभरात जे काही अजब बोलेल ते बाबा चिठोऱ्यावर टिपून आणायचे. चहा झाला की मी वही उघडायची. वहीत चार रकाने होते. साहेब काय बोलला, बोलताना त्याचं तोंड कसं होतं, त्यानंतर काय घडलं, आणि शेवटी अर्थ. अर्थाचा रकाना कितीतरी दिवस रिकामाच असायचा. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. तेव्हा मी आठवीत होते. रविवारी आम्ही दोघं दादरच्या वाचनालयात जाऊन जाडजूड डिक्शनरी काढायचो, आणि साहेबाचं बोलणं त्यात औषधालासुद्धा सापडायचं नाही.

"आय अ‍ॅम आफ्टर टेलिंग यू" असं एकदा साहेब म्हणाला. तो हात धुऊन आपल्या मागे लागलाय असं वाटून बाबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. अर्थ निघाला एवढाच, की आत्ताच तर सांगितलं तुला. "अ‍ॅक्टिंग द मॅगॉट" वर तर आमचा आख्खा आठवडा गेला. मॅगॉट म्हणजे अळी, हे डिक्शनरीने सांगितलं. पण अळीचं सोंग कोण कशाला घेईल? आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, तुमच्या सायबाक धड इंग्लिश येना नाय काय?" पुढे एका बदली कामगाराला टवाळक्या करताना पकडून साहेब तेच ओरडला, आणि कोडं सुटलं. चाळे करणे. त्या संध्याकाळी बाबा जिलबी घेऊन घरी आले.

"मग साहेबालाच विचारा ना सरळ," मी एकदा म्हटलं.

बाबा असे भडकले! "विचारलं तर मला येत नाही हे कळेल ना त्याला! अक्कल आहे का काही?"

आख्ख्या खात्यात साहेबाचं बोलणं आपल्या एकट्याला कळतं, यावर त्यांची मान ताठ होती. मॅट्रिक झालेल्या कारकुनाकडे मिरवायला दुसरं होतं तरी काय, म्हणा.

"गिव्हिंग औट" हे वहीतलं आणखी एक कोडं. मॅनेजर सकाळपासून आपल्याला "गिव्हिंग औट" करत होता, असं साहेब बोलला. आईने विचारलं, "काय दिल्यान? पेढे?" तोंडाच्या रकान्यात मी लिहिलं, लालबुंद. पुढच्या रकान्यात, दुपारभर आदळआपट. तीनचार वेळा ऐकल्यावर बाबांची खात्री पटली आणि मी अर्थ लिहिला. रागावणे, फैलावर घेणे. बाबांनी त्याच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ ओढली की अर्थ पक्का, पुन्हा चर्चा नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गोळीबार झाले, लालबागला अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे, आणि आमच्या चाळीत शेंबडं पोरसुद्धा मुंबईसह महाराष्ट्र मागत होतं. एका हरताळाच्या आदल्या दिवशी खात्यातले तीन विणकर बाकावर चढून बोलले आणि सगळं खातं त्यांच्यामागे बाहेर पडलं. त्या तिघांतले एक आमच्या शेजारच्या खोलीतले काका. मधे एक भिंत काय ती. माझी वेणी निम्म्या वेळा काकीच घालायच्या.

गिरणी पुन्हा सुरू झाली तसं साहेबाने बाबांना आत बोलावून दार लावलं. ते तिघे कोण? बाबा घुटमळले. साहेब हसून म्हणाला, घाबरतोस काय, मी त्यांना फक्त "गिव्ह औट" करणार.

बाबांनी नावं सांगितली.

हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, तेही हसतमुखाने. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "तुमी नावां सांगलात?"

"अगं, नुसता रागावणार तो! वहीत आहे. वाच गो तू."

मी वही काढली आणि मोठ्याने वाचलं. रागावणे, फैलावर घेणे. खाली लाल रेघ. खरं सांगते, वाचताना मला अभिमान वाटला.

शनिवारी त्या तिघांना गेटवरूनच परत पाठवलं. कामावरून काढलं होतं. बाबा धावत साहेबाकडे गेले, तिघांची बायकापोरं सांगितली, हात जोडले. साहेब कागदांतून मान वर न करता म्हणाला, "ग्रँड." तो शब्द वहीच्या पहिल्याच पानावर होता. ठीक आहे, चालू दे.

नावं कुणी दिली हे एव्हाना चाळीत सगळ्यांना कळलं होतं, तरी कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात काकींनी आमची वाटी परत दिली, घासूनपुसून, रिकामी. आमच्याकडे शेजारची वाटी कधी रिकामी जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. आई ती वाटी हातात धरून रडली. पुढे हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. नळावर आई गेली की बोलणं थांबायचं. काका मंडईत हमाली करू लागले. आणि तो मेला साहेब वर्षभरात आपल्या देशात निघून गेला, बाबांचा निरोपही न घेता.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीला तोरणं लागली. बाबा सकाळपासून धुतलेला सदरा घालून दार सताड उघडं टाकून बसले होते. पेढ्यांचं ताट काकांच्या हातात होतं, मान त्यांचाच होता. ते एकेक खोली घेत आले. अलीकडच्या खोलीत पेढे दिले. आमच्या दारावरून पुढे गेले, थांबले नाहीत की घाई केली नाही. मग पुढच्या खोल्यांकडून त्यांचं हसणं ऐकू आलं.

 फळीवरच्या वहीकडे बघत बाबांनी मला विचारलं, "अर्थ बरोबरच होता ना गो?"

"अर्थ बरोबर होता," मी म्हटलं. "नावं कुणी सांगितली?"

तो अर्थ माझ्या अक्षरात आहे, आणि त्या दिवशी तो वाचून दाखवणारीही मीच, हे काही मी बोलले नाही. बाबा उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मे महिन्यातल्या भर दुपारी, सगळी चाळ उघडी असताना, एकट्या आमच्या खोलीचं दार बंद होतं.