जिंजीचं ऊन

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला कळलं, की आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलणार नाहीत. राग नव्हता, रीत होती. कन्हानकडच्या आमच्या खेड्यात सासऱ्यासमोर सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळायचा नाही आणि दोघांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. त्यांना चहा हवा असला की ते सासूबाईंना म्हणायचे, "चहा झाला काय, विचार." मी चार हातांवर चुलीपुढे. सासूबाई मला विचारायच्या, मी त्यांना सांगायची आणि त्या पुन्हा मामाजींना सांगायच्या, जसं काही मधे डोंगर आहे. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्या नवऱ्याकडे आलं. तो खापरखेड्याला ड्युटीवर गेला असला तर मामाजी मांजरीला सांगायचे, "आज भाजीत मीठ नाही पडलं वं." मी पदराआड हसायची. यात भिण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

सासूबाईंचं रामेश्वर राहून गेलं होतं. म्हणून सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, शेतीची कामं थांबलेली असताना, आम्ही तिघं निघालो. मद्रासला उतरल्यावर नवऱ्याने हट्ट धरला की जिंजी बघायचीच. मराठ्यांची गादी जिथे काही वर्षं नांदली, तो किल्ला एवढ्या जवळ येऊन टाळायचा म्हणजे त्याच्या लेखी पापच.

जिंजी गाव लहान. भाताची खाचरं, चिंचा आणि भोवती तीन डोंगर. डोंगर म्हणजे नुसते गोलमटोल धोंडे, कोणी बैलबंडी उलटी करून ओतल्यासारखे. सकाळी आम्ही खालचं सगळं पाहिलं. धान्याची कोठारं, घोड्यांच्या पागा, मजल्यावर मजले चढवलेला तो महाल. मामाजींनी कोठारात शिरून भिंत थोपटली आणि मुलाला म्हणाले, "किती खंडी धान मावत असंन गा इथं?" स्वारी खूश होती.

मग वर चढायचं ठरलं. ऊन माथ्यावर येत होतं. दारावरच्या माणसाने हाताने खुणा करून सांगितलं, आता नको, उतरतं ऊन होऊ द्या. मामाजी हसले.

"याले सांग गा, आमी नागपूरचे आहो. आमच्याकडे मे महिन्यात सडकेचं डांबर चपलेले चिकटते. हे काय ऊन हाये?"

नवरा हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. ऊन म्हटलं की आम्ही नागपूरकर दुसऱ्या कोणाला मोजतच नाही. गावी मामाजी बंडीच्या खिशात कांदा घातल्याशिवाय मे महिन्यात उंबरा ओलांडत नसत. तो कांदा इथवर बरोबर आला होता, पण सकाळी बसमध्ये त्यांनी तो चिवड्याबरोबर खाऊन टाकला. म्हणे, या उन्हाले कांदा कायले पाहिजे?

आमचं ऊन तोंडावर भांडतं. हे केसाने गळा कापणारं होतं. अंगाला घामाची धार लागलेली, वारा नाही, आणि ऊन फारसं लागतंय असं वाटतही नव्हतं. मामाजींची बंडी पाठीला चिकटली होती. पाण्याचा फिरकीचा तांब्या अर्ध्या वाटेतच हलका झाला.

बरंच वर गेल्यावर एका तटाच्या सावलीत मामाजी बसले. नवऱ्याला वरचा पूल खुणावत होता, दोन कड्यांमधल्या दरीवरचा. "तुम्ही बसा, मी आलोच," म्हणाला आणि गेलासुद्धा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मधे कोणी नाही. मांजरही नाही.

ते वरच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. मी खाली, पदर पुढे ओढून, दरीकडे तोंड करून. माकडंसुद्धा कुठे तरी दडून बसली होती. थोड्या वेळाने मामाजी समोरच्या भिंतीला म्हणाले, "पाणी असंन तं..." मी उठून तांब्या त्यांच्या मागच्या पायरीवर ठेवला. हातात द्यायचा नाही, ही रीत. त्यांचा हात मागे आला, चाचपडला आणि तांब्याच्या अलीकडेच पडून राहिला.

मी पाहत होते. तांब्या तिथे, हात तिथे. उचलत का नाहीत? विचारावं कसं? मी मनात नवऱ्याला हाका मारत होते, लवकर या, लवकर या, तुमच्या बाबांना विचारा काय होतंय. एक माणूस माझ्यासमोर विझत होता, आणि मी त्याला विचारणारं कोणी तरी येईल म्हणून वाट बघत होते!

त्यांच्या पाठीवरची बंडी वाळलेली दिसली. मघाशी निथळत होती. घाम थांबला की माणूस गेला, असं आमच्याकडे शेतावरच्या बाया म्हणतात. तेवढ्यात त्यांची टोपी घरंगळून माझ्या पायाशी आली.

मी धावले. डोळे अर्धे उघडे, नजर नाही. अंग तव्यासारखं. उरलेलं सगळं पाणी मी डोक्यावरच्या पदरावर ओतलं, तो ओढून त्यांच्या टाळूवर दाबला आणि उघड्या डोक्याने, सासऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, ओरडले, "मामाजी! मामाजी!" मी त्यांना मारलेली ती पहिली हाक. उत्तर आलं नाही. या मुलुखात माझी भाषा कोणाला कळत नाही, पाणी संपलंय, आणि हे माझ्या मांडीवर जाणार. गावी लोकांना काय सांगू? मी वर तोंड करून "अहो!" अशी किंचाळले, की धोंड्यांमधून तो आवाज फिरून परत आला.

नवऱ्याच्या आधी एक बाई आली. वरच्या झुडपांत तिच्या शेळ्या चरत होत्या. तिने काही विचारलं नाही. कडेवरचं मडकं टेकवलं आणि भाताची पातळ, खारट पेज माझ्या ओंजळीत ओतली. मी थेंब थेंब त्यांच्या ओठांत सोडत होते आणि हाक मारत होते. ती पदराने वारा घालत राहिली. नवरा धापा टाकत पोचला आणि बापाचे पाय धरून मटकन बसला.

किती हाका झाल्या कोण जाणे. मग मामाजींचे ओठ हलले. नजर माझ्याकडे वळली, सरळ माझ्याकडे.

"आहो वं," ते म्हणाले. "मी आहो."

मला रडू कोसळलं.

रामेश्वर झालं, आम्ही घरी आलो. मामाजी माझ्याशी बोलायला लागले. चहा मागायचे, मिठाबद्दल कुरकुरायचे. मांजरीची नोकरी गेली. पण माझी भीती काही गेली नाही. उन्हाळ्यात ते शेतातून येऊन ओसरीवर पाठ करून बसले, की मी आतून हाक मारायची, "मामाजी?" काम काही नसायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

"आहो वं, आहो."

शेजारणी हसायच्या. मी दर मे महिना जीव मुठीत धरून काढला. कांदा त्यांच्या खिशात मी स्वतः घालायची, आणि पाऊस पडला की वाटायचं, चला, हे वर्ष निभावलं.

ते गेले पौषात. अंगणात बाजेवर कोवळं ऊन खात बसले होते, नेहमीसारखी घराकडे पाठ करून. मी चहा गाळला आणि आतून हाक मारली. थोडं थांबून परत मारली. कप हातात घेऊन मी तशीच दारामागे उभी राहिले. बाहेर जायचा धीर होईना.