पंचकाकांचं ताट

पंचकाकांना मी कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी ठेवलं, आणि वर नातेवाइकांत त्याची शेखीही मिरवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळेल.

माझे हे धाकटे काका देवळाली कॅम्पात कबड्डीचे पंच. बायको-मुलं नाहीत, आमच्याकडेच राहतात. आवाज असा, की त्यांनी "बाद!" म्हटलं की मैदानाच्या कडेची कुत्रीसुद्धा रेषेबाहेर जायची. त्यांना सगळीकडे सामनाच दिसे. गॅसवर दूध उतू चाललं तरी, "सूनबाई, पकड! पकड!" कुणी हुज्जत घातली तर म्हणायचे, "मैदानात माझं चालतं बाळा, घरी तुझ्या आईचं."

किडन्या बिघडू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलं होतं. पुढे डायलिसिस सुरू झालं. आता पथ्य बदलेल, आहारतज्ज्ञ मॅडमना भेटा, असं ते म्हणाले. मी भेटलो नाही. पथ्यातलं मला कळतं, असा माझा तोरा! उलट आणखी कडक केलं: भात, दुधी, चतकोर भाकरी. काका ताटाकडे बघायचे आणि गुपचूप जेवायचे. काट्यावर वजन तेवढंच यायचं, मी खूश.

शेवटी डायलिसिसच्या खोलीतच मॅडमनी मला गाठलं.

"वजन तर टिकून आहे," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी काकांची बाही वर सारली. "हा दंड बघा. वजन पाण्याचं आहे हो, मांस झडलंय. डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात. यांना आता जास्त लागतात. मीठ, पाणी जपूनच द्या, पण माणसाला जेवू घाला!"

दंडाची कातडी लोंबत होती. रोज शेजारी बसून मी ती पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोनं अंड्यातल्या पांढऱ्याचं ऑम्लेट केलं. पहिल्या घासाला काका ओरडले, "संज्या, ही तर सुपर रेड! एका चढाईत तीन गडी!" आम्ही टाळ्या पिटल्या. मग मॅडम सांगतील तेवढं चिकन, कधी पनीर. एके सकाळी ते खुर्चीला हात न लावता उठले, आणि मी अख्ख्या घराला हाका मारल्या. आणि परवा, हो, परवाच! कॉलनीतल्या पोरांच्या सामन्याचा अर्धा डाव त्यांनी उभ्यानं सांभाळला. मी कडेला वेड्यासारखा नाचत होतो.

घरी चालत येताना विचारलं, "काका, तेव्हा भूक लागायची ना?"

"लागायची की. लय."

"मग बोलला का नाही? एरवी तर गल्ली डोक्यावर घेता."

"दुसऱ्याच्या घरात राहून ताटाला नावं ठेवू नयेत रे."

भर रस्त्यात मी वाकलो आणि त्यांचे पाय धरले.

"घर तुमचंच आहे, काका. मी तुम्हाला उपाशी ठेवलं. माझं चुकलं."