नमुना अर्जातली दोन मुले

ऐंशीच्या दशकात मी नाशिकला एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिकवत होतो. गरिबांना कोर्टकामासाठी फुकट वकील देण्याची योजना नवी होती. तिचे अर्ज कसे भरायचे हे तालुक्याच्या कारकुनांना शिकवणे माझ्याकडे आले. मी स्वतः असा अर्ज कधी भरला नव्हता, त्यामुळे शिकवायला काही अडचण आली नाही.

मी एक नमुना अर्ज तयार केला. त्यात मनानेच एक बाई घातली: नवरा दारू पितो, त्याने घराबाहेर काढले, दोन्ही मुले माझ्यापाशी आहेत. सायक्लोस्टाईल करून प्रती वाटल्या. कारकुनांनी त्या जपून फायलींना लावल्या. प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल मी समारोपाच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता.

सहा-सात महिन्यांनी निफाडकडची एक बाई केंद्रावर आली. योजनेतून मिळालेला तरुण वकील बरोबर होता. तिचा नवरा सातपूरला कारखान्यात होता. चार वर्षांची मुलगी ठेवून घेऊन त्याने बायकोला माहेरी धाडले होते. ही बाई मुलगी परत मागत होती. समोरच्या वकिलाने कोर्टात तिचाच अर्ज वाचून दाखवला. दोन्ही मुले हिच्यापाशी आहेत, खाली हिचाच अंगठा, मग ही मागते काय?

"साहेब, मला एकच पोरगी, ती बी त्याच्याकडं," ती म्हणाली. "दुसरं कोनाचं लिवलं?"

"नवरा पितो का?"

"नाय हो. माळकरी हाय. सुपारीबी खात नाय."

मी तिच्या तालुक्याच्या कारकुनाला फोन लावला.

"तुम्हीच म्हणालात, नमुन्याप्रमाणे भरा," तो म्हणाला. "वरून आलेल्या कागदात आम्ही कसा हात घालणार, साहेब? सगळे अर्ज असेच गेलेत. कोणाची तक्रार नाही."

वकील म्हणाला, "दोन ओळींचं पत्र द्या, सर. मजकूर नमुन्यातला आहे, एवढंच. पुढच्या तारखेला लावतो."

मी म्हणालो, वरची परवानगी लागेल, पुढच्या आठवड्यात या. परवानगी लागत नव्हती. माझी बढती जवळ आली होती.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. मी तेच सांगितले. तिसऱ्या खेपेला ती ज्या मळ्यात कामाला जायची तिथली द्राक्षे घेऊन आली. "गोड हायेत," म्हणाली. मी पुन्हा पुढचा आठवडा सांगितला. द्राक्षे खरेच गोड होती. त्यानंतर ती आली नाही. मुलगी बापाकडेच राहिली, असे वकिलाकडून कळले.

बढती झाल्यावर मी नमुना सुधारला आणि त्या वाक्याच्या जागी टिंबे घातली. एका तालुक्यातून टिंबांसकट अर्ज आले.

पत्र मी पहिल्याच दिवशी लिहिले होते. ते निवृत्तीपर्यंत माझ्या खणात होते. 'सदर मजकूर माझा आहे, अर्जदार बाईचा नाही.' त्यावर सही तेवढी राहिली होती.

ती मुलगी आता चाळिशीची असेल. आईने तुला मागितलेच नाही, असे तिला कोणी सांगितले असेल, तर ते खरे नाही. तिची आई माझ्याकडे तीन वेळा आली होती.