चुकून आलेला डबा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून आजवर जो कोणी मोठा झाला, तो आपल्या मांडीवरून गेलेला डबा खाऊनच मोठा झाला, अशी आमच्या चुलतसासऱ्यांची ठाम समजूत आहे. जावई म्हणून मी या घरात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला ही शुद्ध थाप वाटली होती. आता वीस वर्षं सगळ्या बाजूंनी तपासून दमल्यावर कबूल करतो, की समजूत बरीचशी खरी आहे.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांना कुणी नीट कळवलेली दिसत नाही. आमच्या भागात दहावी झालेलं पोर शिकायला लातूरला नाहीतर नांदेडला खोली करून राहतं. गावाकडे त्याची आई पहाटे उठून भाकरी थापते, डबा भरते आणि फाट्यावर येऊन पहिल्या गाडीला देते. पोर स्टँडवर येऊन तो घेऊन जातं आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतं. या सगळ्यात कंडक्टरचं नियमाने काही काम नाही. काकांनी मात्र तेच आपलं मुख्य काम मानलं आणि तिकिटं फाडणं हा जोडधंदा ठेवला. कालवण सांडू नये म्हणून ते एका वेळी चार-चार डबे मांडीवर घेऊन बसत आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या माउलीला निरोप देत, "पोचला बरं का माय, खुशाल हाय पोरगं." अर्धी नोकरी त्यांनी रेणापूर-लातूर गाडीवर काढली आणि उरलेली लोह्यावरून जाणाऱ्या नांदेड-लातूर गाडीवर. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतली हुशार पोरं त्यांच्या हाताखालून, म्हणजे खरं तर मांडीवरून गेली.

अंगात मुरलेली नोकरी जाता जात नाही. कुठल्याही लग्नात काका मांडवाच्या दाराशी उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला "आत सरका, आत सरका, मधी जागा हाय" म्हणून पुढे ढकलतात. एकदा अशाच भरात त्यांनी एका आमदाराला पार नवरदेवाच्या मागे नेऊन उभं केलं होतं. खुद्द त्यांच्या मुलीच्या पाठवणीला सगळे धाय मोकलून रडत होते, गाडी सुरू होऊन घुरघुरत होती, पण निघा असं कुणी म्हणेना आणि ड्रायव्हर हलेना. काकांनी डोळे पुसले, पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी निघाली. मग ते पुन्हा जिथं थांबले होते तिथून रडायला लागले.

त्यांचा खरा खजिना म्हणजे तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी. तिच्यात आता पेपरातली कात्रणं आहेत. ज्यांचे डबे त्यांनी नेले, त्यांच्यातला कुणी आयुक्त झाला, कुणी न्यायाधीश, कुणी साखर कारखान्याचा चेअरमन, कुणी गावोगाव गाजणारा कीर्तनकार. देवणीच्या जनावरांवर अभ्यास करून परदेशात भाषण देऊन आलेला एक ढोरांचा डॉक्टरही त्यात आहे. ही कात्रणं नावाने लावलेली नाहीत की हुद्द्याने लावलेली नाहीत, ती थांब्यांप्रमाणे लावलेली आहेत. पेटी उघडण्याआधी काका हात धुतात. मग एकेक कात्रण काढून, चष्मा कपाळावर सारून सांगतात, "हे आयुक्त. लोह्याचा तीन पुडाचा डबा, झाकणाला पोचा. शेपू चालत नव्हती ह्यांना." किंवा, "हे जज्जसायब. लई इमानदार. दुसऱ्याचा डबा चुकून नेला, तर अर्ध्या वाटेतून वासावरून वळखून परत आनून दिला." चेअरमनसाहेबांचं कात्रण आलं की मात्र ते, "ह्यांनी नेलेला कधी परत आनला न्हाई," एवढंच म्हणून पुढे जातात. पण यात टिंगल नसते. आपल्या गाडीने उतरवलेली ही पोरं एवढी उंच गेली कशी, याचं त्यांना अजूनही खरोखर आश्चर्य वाटतं, आणि त्यांचा चेहरा बघून मलाही वाटू लागतं.

एवढी मोठी माणसं ओळखीची असून त्यांचा घरच्यांना काडीचा उपयोग नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. नांदेडच्या माझ्या घराचे कागद एका कचेरीत महिनोन्‌महिने अडकले होते. तिथले सर्वांत मोठे साहेब लोह्याकडचे, काकांच्या पेटीतले, म्हणून मी काकांना लातूरहून बोलावून घेतलं. आम्ही आत गेलो तर काय सांगू, साहेब खुर्चीतून उठले आणि वाकून काकांच्या पाया पडले. बाहेर माणसं ताटकळलेली, आणि आत पाऊण तास साहेबांच्या आईचे गुडघे, गावची विहीर आणि ज्वारीच्या कण्या यांवर गप्पा. चहा झाला आणि काका उठले. बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडलोच, "काका, माझ्या कागदांचं?" काकांना खरंच वाईट वाटलं, पण माझ्याविषयी. "जावाईबापू, लेकराला डबा पोचवला म्हनून कुणी त्याच्याकडं वशिला मागत असतो का?" ते म्हणाले. माझे कागद पुढे आणखी पाच महिन्यांनी, आपल्या पायांनी चालत बाहेर आले.

आणखी एक विचित्र खोड होती. रेणापूरकडचं लग्नाचं आमंत्रण आलं की काकांचे गुडघे दुखायला लागत. उदगीरला जाताना दुखत नसत, थेट नांदेडला उभ्याने जाताना दुखत नसत, फक्त रेणापूरच्या रस्त्यालाच दुखत. आम्ही घरात त्याची थट्टा करायचो. त्या थट्टेची मला आता लाज वाटते.

झालं असं, की आमच्या समाजाच्या मंडळाने लातूरला कर्तबगार मंडळींचा सत्कार आणि एक गौरवग्रंथ असा बेत आखला. सगळ्यांना ओळखणारा माणूस एकच, म्हणून परिचय लिहायचं काम काकांकडे आलं, आणि मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून ते सुधारायचं काम माझ्याकडे. मंडळाच्या सचिवांना पदव्या आणि पदं हवी होती. काकांच्या मजकुरात भाकऱ्यांची संख्या होती. एका कुलसचिवांचा परिचय, "यांच्या आईच्या हातची आंबाडी सबंध गाडीला माहीत होती," इथून सुरू होऊन तिथेच संपत होता. सचिव लाल पेनाने खोडत होते, काका पुन्हा लिहीत होते आणि दोघांच्या मधे माझं सँडविच झालं होतं.

या कागदांत एक पान कोरं होतं. देवणीकडची एक मुलगी आज हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारी नामांकित डॉक्टर आहे. तिच्याबद्दल काकांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मंडळाने पाठवलेला फॉर्म मात्र तिने स्वतः भरला होता. 'आपल्या यशात कोणाचा वाटा?' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'लातूरच्या स्टँडवर वर्षभर रोज चुकून आलेला डबा.' सचिवांनी त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी फॉर्म काकांपुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि पेटी बंद केली.

मग त्यांनी सांगितलं. रेणापूरजवळच्या एका फाट्यावर एक माउली रोज सकाळी सातला मुलाचा डबा द्यायची. एके दिवशी मुलाने काकांना स्टँडवर गाठलं. शिक्षण झेपत नव्हतं आणि तो पुण्याला कंपनीत निघाला होता. "मायला मीच सांगतो, तुमी बोलू नका," म्हणाला, आणि गेला. त्याने काही सांगितलं नाही. दिवाळीला लातूरहूनच आल्यासारखा घरी येऊन गेला. तो पुण्याला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माउली डबा घेऊन उभीच. काकांनी खाली बघून डबा घेतला. डबा मांडीवर घेऊन ते लातूरला आले. तिथे डबे घ्यायला आलेल्या पोरांपासून जरा लांब एक मुलगी पुस्तक धरून उभी असायची. तिची आई वारली होती, वडील गायी-बैल राखायचे, तिला डबा पाठवणारं कुणी नव्हतं. काकांनी तो डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "चुकून आलाय, घे."

"एकदा चुकून ठीक हाय, जावाईबापू. पर मी वरीसभर रोज चुकून राहिलो," काका म्हणाले. "आन् त्या माउलीला रोज सांगत राहिलो, पोचला बरं का, खुशाल हाय पोरगं. वरसानं पोरानं घरी समदं सांगितलं. मी डेपोत हातापाया पडून नांदेडची गाडी मागून घेतली. तवापासून त्या फाट्यावर तोंड दाखवलं न्हाई. आता ती ऐंशीच्या पुढं असंल. तिच्या हातची भाकर मी तिला फसवून दुसऱ्याला घातली, एवढं तिला सांगायचं राहिलंय. त्याच्या आधी ती गेली तर मी काय करू?"

कुणाही मोठ्या माणसासमोर न दबणारे काका हे विचारताना माझ्या हाताला धरून होते. रविवारी मी त्यांना मोटारीत घातलं आणि त्या फाट्यावर नेलं. वाटेत गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

माउली अंगणात तूर पाखडत होती. काका समोर उभे राहिले आणि आपण कोण ते सांगून, डेपोतल्या साहेबांसमोर जबाब द्यावा तसं एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. ती सूप खाली न ठेवता ऐकत होती. मग म्हणाली, "मला ठावं हाय की."

काकांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"डब्यानं," ती म्हणाली. "मपल्या पोरानं जल्मात कधी डबा धुतला न्हाई. भाकरीचा तुकडा चिकटून वाळलेला, तसाच यायचा. एक दिवस बघते तर डबा घासून-पुसून लख्ख, आन् आत साखरेची चिमूट. दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू नये, हे लेकीलाच कळतं. तवाच म्हनलं, हा डबा कुन्या तरी लेकीकडं जाऊन राहिलाय. दुसऱ्या दिवसापासून तिखट कमी केलं. पोराला लई लागायचं, तिला झेपंल न झेपंल."

"मग मला बोलल्या का न्हाईत, मावशी?"

"तू वर न बघता डबा घेत होतास, बाबा. तुला कशाला लाजवू? पोरगं दिवाळीला धडधाकट आलं, म्हंजी त्याचं कुठंतरी भागत व्हतं. आन् मी बोलले असते तर बोभाटा झाला असता. घरचे म्हनले असते, परक्याच्या लेकराला कामून धाडतीस? गुमान थापत राहिले."

काका तिथेच उंबऱ्याशी बसले. वीस-पंचवीस वर्षं ज्या ओझ्याने ते तो रस्ता टाळत होते, ते ओझं पलीकडे कुणीतरी केव्हाच उतरवून ठेवलं होतं. ते रडले, आणि माझीही तीच गत झाली. पेटीतल्या सगळ्या आयुक्त-न्यायाधीशांसमोर मला जे वाटलं नव्हतं, ते त्या सूप धरलेल्या बाईसमोर वाटलं. मला तिच्यापुढे फार लहान वाटलं.

सत्काराला चला म्हटलं तर ती हसली. "मला कोन वळखतंय तिथं? डबा देते, तेवढा पोचव."

सत्काराच्या दिवशी ती सकाळी सातला फाट्यावर डबा घेऊन उभी होती. माझी मोटार काकांनी नाकारली. डबा मोटारीतून जात नसतो म्हणाले. एसटीतल्या तरुण कंडक्टरबाईने त्यांना आपली जागा दिली आणि काका लातूरपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले. मी धरतो म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

सभागृहात डॉक्टरबाई फेटा बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काका त्यांच्यापुढे गेले, डबा पुढे केला आणि म्हणाले, "चुकून आलाय."

त्या उभ्या राहिल्या. आधी डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि काकांचे दोन्ही हात डब्यासकट घट्ट धरले. व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं जात होतं तेव्हा त्या बाजूच्या खोलीत फेट्यासकट मांडी घालून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खात होत्या, काका शेजारी बसून सगळी हकिगत सांगत होते, आणि मी दाराशी उभा राहून चिडलेल्या सचिवांना आत येऊ देत नव्हतो. तिखट कमी केल्याचं ऐकल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी गावाचं नाव निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे लिहून घेतलं, मागच्या नळावर डबा स्वतः घासला, चहावाल्याकडून चिमूटभर साखर मागून आणली, आणि मगच शाल घ्यायला व्यासपीठावर गेल्या.

गौरवग्रंथ निघाला. त्यात काकांची एकही भाकरी उरली नाही, आणि काकांना त्याचं वाईटही वाटलं नाही. आता पोरांना मेस आहेत, फाट्यावर डबा घेऊन कुणी फारसं उभं राहत नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी काका एकटेच रिकामा डबा परत द्यायला गेले. दुपारी मी नांदेडहून फोन केला आणि विचारलं, "काय म्हणाल्या मावशी?"

"काही न्हाई," काका म्हणाले. "झाकन उघडलं, साखर जिभेवर ठेवली, डबा पदरानं पुसला. आन् मला म्हनल्या, उद्याचा डबा कुणाला द्यायचा हाय?"