आमच्या आईची मालिका

मसाला कांडताना उखळाबाहेर उडतो तेवढा निगुतीने गोळा केला, तर आठवड्याची आमटी निभते. किस्स्यांचंही तसंच. पन्नासच्या दशकात माझ्या आईने घाटकोपरच्या चाळीत लोकांचे मसाले कांडून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. त्यावर मी पुस्तक लिहिलं, पुस्तकाची टीव्ही मालिका झाली. पुस्तकात मावलं त्याहून जास्त शूटिंगवर सांडलं.

* * *

दिग्दर्शक समीर मुलुंडचा. पोरगा हुशार, पण भारी घाईचा. पहिल्याच दिवशी विचारतो, "मावशी, आईंचं दुःख नेमकं कितव्या पानावर आहे?"

म्हटलं, "सगळ्याच पानांवर आहे. पण बाई कामात होती रे, थांबून दाखवायला वेळ नव्हता."

* * *

खरं भांडण एकाच प्रसंगावरून. बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी काका गावाहून बोटीने आले, मला आणि भावाला कायमचं घेऊन जायला. पुस्तकात मी एवढंच लिहिलंय, की काका आले आणि एकटेच परत गेले. मी तेव्हा खाली नळावर होते, मला तेवढंच माहीत. आईला कधी विचारलं की म्हणायची, "गेले ना? मग झालं."

मधली जागा समीरने भरली. आई काकांच्या पाया पडते, पदर पसरते, हंबरडा फोडते.

"माझी आई कुणाच्या पाया पडणारी नाही. काढ ते."

"मावशी, करारात बदलाचा हक्क आमचा आहे."

होता. सही करताना मी वाचलं नव्हतं. चौथी पास असले तरी वाचता येतं मला, आळस केला. आता घराघरांत लोक आईला पाया पडताना बघणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

* * *

आमची चाळीतली खोली त्यांनी मढच्या एका बंगल्यात उभी केली. मी आत शिरले आणि बघतच राहिले. एवढ्या जागेत आमचा अख्खा मजला राहिला असता.

सेटवाला म्हणाला, "मावशी, कॅमेरा मागे न्यायला जागा लागते ना."

"आम्हालाही लागायची. मागे भिंत होती."

* * *

आईचं काम ज्योती नावाची मुलगी करत होती. गुणी पोर. कांडपाच्या सीनमध्ये समीरने लिहिलेलं, 'डोळे पुसत कांडते.' मी सांगितलं, मिरची कांडणारी बाई डोळ्याला हात लावत नाही, खांद्याला डोळे पुसते.

"मावशी, खांदा कॅमेऱ्यात बरा नाही दिसत."

मिरच्या मात्र खऱ्या आणलेल्या. ज्योतीने मुसळ ठेवलं, हाताने डोळे पुसले आणि त्या दिवसाच्या शूटिंगची वाट लागली. पोर तासभर तोंडावर पाणी मारत होती.

समीर हळूच म्हणतो, "रडणं मात्र झकास आलं."

दुसऱ्या दिवशी ज्योती न सांगता खांद्याला डोळे पुसायला लागली.

* * *

काकांच्या सीनच्या दिवशी समीरने आईलाच मढला बोलावलं. फोटो काढायचा होता. आई आता सत्तरीपुढची. मी तिला काही सांगितलं नाही, कॅमेऱ्यामागे खुर्चीत बसवलं. सेटवर चूल, पाट, वाढलेलं ताट, सगळी मांडणी.

काका झालेला नट नाटकांतून तीस वर्षं खलनायक करणारा. तो गरजला, "पोरांना आण बाहेर." ज्योती त्याच्या पायांवर कोसळली.

आई खुर्चीतून उठली. पायांतल्या वायरी ओलांडत, चष्म्यासकट सीनमध्ये गेली. तिला अडवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिने ज्योतीला दंडाला धरून उभं केलं, पोरीचा पदर नीट केला. मग त्या नटाकडे वळली. आवाज काही चढवला नाही.

"भावजीनू, पान वाढलंय. जेवा नि बोट गाठा. पोरां हयच रवतली."

त्या माणसाने समीरकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. चपला काढल्या आणि मुकाट पाटावर बसला.